खिशातला खडू

नकाशात स्वीडन दाखवताना शिवलिंगअप्पांचं बोट कधीकधी नॉर्वेवर जाई. पण तिथली अठ्ठावन्न सालची निवडणूक त्यांना तोंडपाठ होती. गंगाखेड तालुक्यातल्या ज्या शाळेत मी शिक्षक होतो, तिथंच ते नागरिकशास्त्र शिकवत. टेबलावर दोन्ही बाजूंना सारखे खडू मांडत. "ही सरकारची माणसं, ही विरोधातली. कामगारांना म्हातारपणी पेन्शन द्यायची का न्हाई, यावर निवडणूक झाली. निकाल? निम्मे इकडं, निम्मे तिकडं. आता?" मग विरोधकांतला एक खडू हळूच कोटाच्या खिशात टाकत. "ह्यो जहाजाच्या कारखान्यातला कामगार. पक्ष म्हणतो, विरोध कर. ह्याच्या जिवाला पटंना. संसदेत मतदानाला गडी गप बसला. पेन्शन मंजूर!" हे सांगताना त्यांचे डोळे भरत, जणू ती पेन्शन गंगाखेडच्या पोस्टातच मिळणार होती.

नामांतराच्या दंगलीनंतर वसतिगृहातून बौद्ध मुलांना काढायचा ठराव संस्थेच्या बैठकीत आला. अध्यक्ष माझे चुलते. मला नोकरी त्यांनीच लावलेली. अप्पा आणि मी शिक्षकांचे प्रतिनिधी. माझा हात वर गेला नाही तर ठराव पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत जाताना अप्पा म्हणाले, "सर, चुलत्याच्या विरोधात जा म्हणत न्हाई मी. हात फक्त मांडीवर ऱ्हाऊ द्या."

काका माझ्याकडे बघत होते. मी हात वर केला.

मुलं ट्रंका घेऊन निघाली, तेव्हा अप्पांनी त्यांना घरी नेलं. लिंगपूजेशिवाय पाणी न पिणारं ते घर. बायको म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

"लय बोलायले तर त्यांना बी जेवाया बोलव."

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. पण पुढे मी शेजारच्या वर्गावर असलो की ते स्वीडनच्या निकालापाशीच थांबत. "गुरुजी, पेन्शनचं काय झालं?" पोरं विचारत. "उद्या सांगतो रे." आपली सगळ्यात आवडती गोष्ट ते माझ्यासाठी अर्धी सोडत. रागावले असते तर बरं झालं असतं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खिशातून खडू काढून माझ्या हातावर ठेवला. "सर, आता स्वीडन तुमच्याकडं. पुरं शिकवा."

अप्पा आता नाहीत. मी दरवर्षी खडू मांडतो, एक खिशात टाकतो. एखादा विचारतोच, "सर, तो माणूस घाबरला नसंल का?"

"घाबरला असेल," मी म्हणतो. आणि मग आमच्या वसतिगृहाचीही गोष्ट सांगतो. वर गेलेला हात कुणाचा होता, त्यासकट.