दोन्हीकडे एकच नाव

...तर ताईने सही ठोकली, पिशवी उचलली आणि निघाली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. चष्म्याचं दुकान पाचला बंद व्हायचं आणि वाचायचा नवा चष्मा तयार होता. आता गंमत बघा, चष्मा आणायच्या घाईत बाईने न वाचता सही केली!

ताई छापखान्यात तपासनीस. औषधाच्या डब्यातली ती घडीची पत्रकं असतात ना, ती तिच्या सहीशिवाय छपाईला जात नसत. पूर्वी दोघं तपासनीस समोरासमोर बसत. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने भाषांतरावर बोट फिरवायचं. मग भावजी आले. हे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पण ती भावजी म्हणते म्हणून अख्खा छापखाना, अगदी मालकसुद्धा, त्यांना भावजीच म्हणायचा. त्यांनी कॉम्प्युटरवर एकच खिडकी उघडून दिली. खिडकी एक, आत पाच-सहा एआय बसलेले. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने तपासायचं. एखादं बंद पडलं, तर खिडकी आपणहून काम दुसऱ्याकडे सरकवणार, आणि कोणी काय केलं ते पानाखाली बारीक अक्षरात लिहिणार. भावजींनी बजावलं होतं की दोन नावं वेगळी आहेत ना ते आधी बघा, मग वाचा, मग सही.

त्या दिवशी पहिलं एआय बंद होतं. दुसऱ्यानेच भाषांतर केलं, दुसऱ्यानेच तपासलं आणि स्वतःलाच शाबासकी दिली. खाली दोन्हीकडे एकच नाव. ताईला ते दिसलं, जुन्या चष्म्यातूनही अगदी स्वच्छ दिसलं.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी पत्रकात रोजची झाली होती. एक निवृत्त शिक्षिका ते वाचून सहा दिवस रोज गोळी घेत राहिली आणि हॉस्पिटलात पोचली. पत्रकं परत मागवली, शिक्षिका बरी होत आली. पण ताईचा नवा चष्मा पर्समधून बाहेरच निघाला नाही. रविवारी बहिणीकडे गेली तर भावजी कॉम्प्युटर उघडून बसलेले. जेवण तसंच झाकून ठेवलेलं. त्या खिडकीच्या जोडणीत आपलं काय चुकलं ते शोधत होते बिचारे. ताईला पाहून म्हणाले, "तू तरी सांग, माझं कुठे चुकलं?" ताईने पाणी मागितलं, प्यायली आणि घरी आली.

सोमवारी मालकांनी बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. त्यात भावजींची जोडणी सदोष असल्याने चूक घडली, सबब त्यांचं काम बंद, असं लिहिलेलं. भावजी दाराशी मान खाली घालून उभे. मालक पेन पुढे करत म्हणाले, "ताई, तुमच्यावर काही येत नाही यात. साक्षीदार म्हणून फक्त सही करा."

ताईने पर्समधून नवा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, पूर्वी वाचायची तसा. मग पेन मालकांच्या पुढ्यात ठेवलं.

"यावर सही नाही करणार मी. भावजींच्या खिडकीने दोन्हीकडे एकच नाव लिहून मला सांगितलं होतं. मी ते पाहिलं होतं, आणि चष्म्याचं दुकान बंद होईल म्हणून न वाचता सही केली. इथे त्यांचं नाव खोडून माझं घाला, आणि त्या बाई कुठल्या हॉस्पिटलात आहेत तेवढं सांगा, मला त्यांना भेटायला जायचंय."