देव्हाऱ्यातून शंख चालत निघाला

मंडळी, कारवारजवळ समुद्राकाठी दोन दिवस तंबूत राहून काल रात्री घरी, समुद्रापासून लांब बसवकल्याणला परतलो. डॉल्फिन दिसले. "लांबूनच बघ, हात लावू नको," असं मी लेकीला शंभरदा बजावलं.

आज सकाळी सासूबाईंनी तिथनं वेचलेला, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला शंख देव्हाऱ्यात तांदळावर ठेवला. हळदकुंकू वाहतायत तोवर शंख चालायलाच लागला!

"अगं पोरी, ह्यात जीव हाय की!" सासूबाई मटकन खाली बसल्या. शंखातून खेकड्याचे पाय बाहेर आलते.

परातीत मिठाचं पाणी करून त्याला ठेवलंय. सकाळपासून कडेवर चढायलाय, घसरायलाय, परत चढायलाय. माझं कशातच लक्ष लागंना.

लेक विचारायलीय, "मम्मी, त्याला घरी कधी सोडायचं?"

आज कुणी समुद्राकडं जायलंय का हो?