वरचं पाणी

आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, न कळणारी गोष्ट जगात नव्हती, कारण कुठलीही नवी गोष्ट ते जुन्या गोष्टीच्या दावणीला बांधून टाकत. विंझरच्या अलीकडे आमचं गाव. तिथं विहिरीवर पहिली मोटर बसली तेव्हा ती नुसतीच घरघरायची, पाणी ओढेना. वडील म्हणाले, म्हशीला पान्हा फुटावा म्हणून आधी रेडकू लावता ना, तसं पाइपात आधी पाणी ओता. ओतलं, आणि मोटर चालली. तेव्हापासून कुणाचं काही अडलं की लोक आमच्या ओसरीवर येऊन बसत. मीही त्यांतलाच एक भक्त.

नव्वद सालानंतरचा एक आषाढ. माझ्या पाच वर्षांच्या बहिणीला जुलाब लागले. नर्सबाई मीठ-साखरेची पाकिटं देऊन गेल्या, पाण्यात घालून सारखं पाजत राहा म्हणाल्या. वडील हसले.

"भाताच्या खाचराचा बांध फुटलाय, आन ही बाई वरनं पाणी सोडा म्हनती. आधी वरचं पाणी बंद करा, मग बांध धरंल."

मी भोरला अकरावी सायन्सला होतो, भातलावणीसाठी घरी आलेलो. पाकिटावरची सूचना मी स्वतः वाचली होती. तरी मला वडिलांचंच पटलं, याची अजून चीड येते. बहीण पाणी मागत होती, आणि तिचा हात पोचू नये म्हणून तांब्या फळीवर मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी जुलाब थांबले. वडील म्हणाले, बघा, धरला बांध. तिचे डोळे खोल गेले होते आणि रडताना पाणी येत नव्हतं, ते कुणी बघितलं नाही. दुपारी ती हाकेला ओ देईना, तेव्हा तिला उचलून मी आणि आई एसटीत बसलो. मार्गासनीपर्यंत पोचलो आणि ती आईच्या मांडीवरच गेली.

आठवड्यानं लावणी पुन्हा सुरू झाली. आईची समजूत काढावी म्हणून मी बांधावर बसून तेच पुराण लावलं, की वडिलांचा हिशेब तसा बरोबरच होता. आईनं मान वर केली नाही.

"लावलेल्या खाचराचा बांध फुटला तरी आमी बाया वरची धार चालू ठिवतो. न्हाईतर बांध धरस्तवर रोप जळतं. त्यांनी कधी रोप लावलंय?"

मग तेव्हाच का बोलली नाहीस, मी विचारलं.

"बोलले की. तूच म्हनलास, तू गप, आबास्नी जास्त कळतं."