देवमाशाचा मणका

हे सांगायचं मी तीस वर्षं टाळलं. आज कॉलेजच्या संग्रहालयात गेलो, तर काचेच्या कपाटातल्या मणक्याखालचा कागद तेलानं पिवळा पडलेला दिसला. पाटीवर शोधक म्हणून अजून माझंच नाव आहे.

मणका किनाऱ्यावर सापडला तेव्हा मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होतो. विद्यार्थ्यांसमोर ऐटीत सांगून टाकलं, "हत्तीचा आहे." शेजारी जाळं सांधत बसलेला पांडू खारवी म्हणाला, "सर, ह्यो मणको देवमाशाचो. उनात ठेवन बगा, तेल सुटात."

"पांडू, तू बांगडे ओळख. हाडं आमच्यावर सोड."

पोरं हसली. तोही हसला आणि मान खाली घालून गाठी मारू लागला.

महिन्याभरात प्रयोगशाळेच्या खिडकीत मणक्याला तेल सुटलं. मग मी ग्रंथ उघडले आणि पाटी रंगवून घेतली. आम्ही शिकलेली माणसं इतकी निलाजरी, की डोळ्यांसमोरचं खरं पुस्तकात सापडेपर्यंत आम्हाला खोटं वाटतं, आणि सापडलं की ते आमचं होतं. त्या मेलेल्या हाडाला अजून पाझर फुटतो. मला फुटला नाही.

आज पाटीवर पांडूचं नाव घालायला सांगून आलो. पण त्याला जाऊन चार पावसाळे झाले. तो होता तेव्हा एकदा, फक्त माफी मागायला, मी त्याच्या दारात गेलो होतो. तो लगबगीनं उठला. "येवा सर, बसा. काय काम काढलात?"

मी घसा खाकरला आणि विचारलं, "बांगडे ताजे आहेत का रे?"