अकरा दिवस आणि एक निगेटिव्ह रिपोर्ट

वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या लाटेत ते सोलापुरात अकरा दिवस कोरोनाच्या वॉर्डात राहून आले. त्यानंतर दारात येईल त्याला ते अकरा दिवस पहिल्यापासून ऐकावे लागत. गॅस सिलेंडरवालासुद्धा सुटला नाही.

पुढं मी पुण्याहून घरी आलो, तेव्हा आमच्या कॉलनीत एका लॅबनं अँटिबॉडी तपासणीचं शिबिर लावलं होतं. रक्तात अँटिबॉडी सापडल्या म्हणजे आजार होऊन गेला, एवढं सगळ्यांना माहीत झालं होतं. वडील सगळ्यांच्या आधी बाही वर करून बसले.

"माझ्यात लई निघतील," त्यांनी सुई टोचणाऱ्या मुलीला बजावलं. "पायजे तर दोन बाटल्या घे."

आईला मी ओढूनच नेलं. तिच्या मते तिला काही झालंच नव्हतं.

रिपोर्ट आले. वडील निगेटिव्ह. आई पॉझिटिव्ह, आणि आकडाही दणदणीत.

वडिलांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. मग डिस्चार्जचा कागद पिशवीत घालून ते तडक लॅबकडे निघाले. मी मागोमाग.

"नावं उलटी पडल्यात," ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले.

तिनं नोंदी तपासल्या. "नाही काका, बरोबर आहेत. काहींच्या अँटिबॉडी टिकत नाहीत. आणि काहींना कोरोना झालेलाच नसतो."

"मग अकरा दिवस मी तितं काय लग्नाला गेलतो व्हय?"

तिनं शांतपणे डिस्चार्जचा कागद उलगडला. "यात तुमचा स्वॅब निगेटिव्हच लिहिलाय, काका. ताप होता, तोंडाला चव नव्हती, म्हणून संशयित म्हणून ठेवून घेतलं होतं."

हा कागद मी कधी वाचलाच नव्हता. वडिलांनी बहुतेक वाचला होता. कागदाची घडी घालून ते घराकडं निघाले.

आई मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, "आई, तुला तेव्हा खरंच काही झालं नव्हतं?"

"न्हाय की. चार-पाच दिवस अंग कसकसलं, एवढंच. आन् वास, चव काय कळंना. मीठ किती पडतंय तेच समजंना. म्हटलं, खारट व्हायपेक्षा नकोच."

"नकोच म्हंजे?" वडील उठून उभे राहिले.

"न्हाई टाकलं. तुमी कुटं काय म्हणालात?"

"म्हणालो की! तोंडाला चव न्हाय म्हणालो!"

"व्हय, पर ते डॉक्टरला. मला कुटं म्हणालात?"

मी हसू दाबायला मेथीत तोंड घातलं. तापाचं काय, असं वडिलांनी एकदा विचारून पाहिलं. आई म्हणाली, "सोलापूरचा मे महिना हुता. पत्राबी तापतोय."

अकरा दिवसांची गोष्ट वडिलांनी बंद केली. आईचा आकडा मात्र कॉलनीभर झाला. माढ्याहून आत्याचा फोन आला, "वहिनी, तुझा हात लागलेलं काय तरी पाठव." एका बाईनं तर नातवाला आईच्या मांडीवर आणून ठेवलं.

अशातच शेजारच्या विणकर जोडप्याला कोरोना झाला. दोघंच राहायची, मुलं हैदराबादला. आईनं डबा भरला. तुला पुन्हा होऊ शकतो, असं मी सांगत होतो. तिनं दोन मास्क चढवले आणि निघाली.

वडील आडवे आले. "तू नको. मी जातो."

"तुमच्यात कुटं हायत?" आई म्हणाली.

त्यांनी तिच्या हातातला डबा घेतला. मग रोज दोन्ही वेळा ते डबा घेऊन तिच्यासोबत शेजारच्या फाटकापर्यंत जात. आई आत जाऊन डबा उंबऱ्यावर ठेवी, दोन शब्द बोले. ती परत येईपर्यंत ते भर उन्हात बाहेर उभे राहत. मी बोलावलं तरी सावलीला येत नसत.

शेजारी बरे झाले. आईलाही काही झालं नाही. थोडी ताकद आल्यावर शेजारी आपल्या मागावरची नवी चादर घेऊन आले आणि घरातला कर्ता म्हणून त्यांनी ती वडिलांपुढं धरली.

वडिलांनी हात मागं घेतले. "हिला द्या," ते म्हणाले. "मी नुसता भाईर उभा हुतो."