आमच्या भुताला कोणी घाबरेना

भुताच्या सिनेमात वर्षभर काम करा, किस्से आपोआप साठतात. फक्त ऐकणाऱ्याला खरे वाटत नाहीत! मी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये वाढलेला मराठी माणूस, चेन्नईत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळतो. डायरेक्टर सरवणन सर, त्यांचा पहिलाच सिनेमा. निर्मात्यानं बजावलेलं, "मी घाबरलो तर रिलीज, नाहीतर सिनेमा डब्यात!"

* * *

पहिला शॉट लो अँगल. कॅमेरा जमिनीवर, भूत अंगावर आल्यासारखं दिसायला हवं. भूत म्हणजे सत्तरीच्या कामाक्षी अम्मा. मी फोकस लावला आणि हादरलोच. पांढऱ्या साडीखाली निळ्या रबरी चपला!

"अम्मा, भुताला चपला?"

"फरशी तापलीय, कण्णा. भुताचे पाय भाजत नाहीत होय?"

* * *

मग कॅमेराच भूत, म्हणजे भुताच्या नजरेतून शॉट! अण्णा नगरच्या एका बिल्डिंगमध्ये कॅमेरामन खांद्यावर कॅमेरा घेऊन हिरॉइनच्या मागे दबकत जिना चढतोय, मी त्याच्या पाठीला चिकटून. श्वाससुद्धा रोखलेला. अचानक दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. काळजात धस्स झालं! एक मामी थेट लेन्समध्ये बघून म्हणाल्या, "अय्यो, एवढं ओझं घेऊन जिना कशाला, बाबा? लिफ्ट चालू आहे."

* * *

चेन्नईबाहेरच्या कोवलमच्या किनाऱ्यावर हिरॉइनचा क्लोजअप. सर म्हणाले, "भूत दाखवायचंच नाही. फक्त हिचे डोळे!" आणि खरंच, काय भीती उतरली हो त्या डोळ्यांत! मीच थरारलो. मागे वळून बघतो तर एक भलं मोठं कुत्रं दात विचकून माझ्याच रोखानं येतंय. मी धूम ठोकली.

भीती मिळाली, फोकस गेला.

* * *

शेवटी निर्मात्यासाठी ट्रायल शो. साहेब चकलीसारखं मुरुक्कू खात जांभया देत होते. सर पडद्याऐवजी त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं.

आता शेवटचा शॉट, अम्मांच्या प्रेताचा क्लोजअप. इकडे एक रीत आहे. मेलेल्याचं काम केलं की 'कट'नंतर कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, नाहीतर अपशकुन. म्हणून कॅमेरा चालूच ठेवतात. तेवढा तुकडा एडिटरनं कापायचा असतो.

तो कापायचा राहिला होता!

पडद्यावर प्रेत. सगळं शांत. मग प्रेतानं डोळे उघडले. सरळ आमच्याकडे बघितलं. आणि बोळकं पसरून गोड हसलं.

निर्माता असा किंचाळला की मुरुक्कू तिसऱ्या रांगेत! दिवे लागले तेव्हा साहेब माझा दंड घट्ट पकडून बसले होते.

"सरवणा... हा शॉट तुला सुचला कसा?"

सरांनी कपाळावरचा घाम पुसला.

"स्क्रिप्टमध्ये पहिल्यापासून होता, सार!"