साक्षीदाराने न उच्चारलेलं वाक्य

कोर्टातल्या लघुलेखिकेला तिच्या माघारी सगळे डुलकीबाई म्हणत. साक्षीदार कितीही भरभर बोलो, तिची पेन्सिल मागे राहत नसे. पण दुपारचे दोन वाजले की पापण्या मिटू लागत. रात्री आठ तास झोपूनही तेच. तिने स्वतःला चिमटे काढले, टेबलाखाली अनवाणी पाय थंड फरशीवर ठेवले, उपाशी राहून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा टिपणं टंकताना ती एका ओळीवर थबकली. कोसळलेल्या भिंतीच्या खटल्यात गवंड्याची साक्ष होती आणि त्याच्या तोंडी वाक्य होतं, 'मग बदकं जिना चढून वर आली.' अक्षर तिचंच. झोपेतही हात चालत राहिला होता आणि स्वप्न साक्षीत उतरलं होतं. ते वाक्य गाळून गप्प बसता आलं असतं. पण त्या जागी गवंडी खरं काय म्हणाला होता, ते कुठेच नव्हतं. कागद घेऊन ती न्यायाधीशांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. नोकरीवर पाणी सोडायची तयारी होती. त्यांनी गवंड्याला पुन्हा बोलावलं आणि तिला डॉक्टरकडे जायला रजा दिली.

तपासणीत तिला दिवसभर दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत आडवं केलं. दर वेळी तीन मिनिटांत तिचा डोळा लागला. हा मेंदूचा आजार आहे, आळस नव्हे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि रोज सकाळी घ्यायची गोळी लिहून दिली.

"ही गोळी जागं ठेवते, हुशार करत नाही," त्यांनी बजावलं.

पहिला आठवडा डोकं दुखलं, भूक मेली. मग एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की आपण अख्खी उलटतपासणी ऐकली. तिला वाटे तशी तिची स्मरणशक्ती कच्ची नव्हतीच. ती स्वतःच अर्धा वेळ हजर नसे. त्या तरतरीच्या भरात तिने एकदा टिपणं न तपासताच दिली आणि दोन तारखांची अदलाबदल झाली. तेव्हापासून ती दोनदा वाचते. जेवणानंतर पंधरा मिनिटं झोपतेही, डॉक्टरांच्या सल्ल्याने, उजळ माथ्याने.

आईला तिने स्वयंपाकघरात सांगितलं. वहीवर डोकं टेकलं म्हणून लहानपणी हीच आई पट्टीने मारायची. मटार सोलणारे आईचे हात थांबले.

"म्हणजे मी तुला उगाच मारलं."

"तुला तरी कुठे ठाऊक होतं? मलाही नव्हतं."

आईने मनगटाने डोळे पुसले. "आळशी नव्हतीस तर."

"नव्हते," ती म्हणाली, आणि हे मोठ्याने म्हटल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की ती हसायलाच लागली.